यजमानाचे दार : आंतरराष्ट्रीय क्रीडामहोत्सव, आप्रवासन-कारवाई आणि तिला झालेला विरोध

१. प्रश्नाचे स्वरूप

आंतरराष्ट्रीय क्रीडामहोत्सवाचे निमंत्रण एका नगराच्या नावाने दिले जाते. परंतु त्या नगराच्या दाराची किल्ली नगरपालिकेजवळ नसते, ती राज्यसंस्थेजवळ असते. ऑलिंपिक सामने मेलबर्न, सॉल्ट लेक सिटी किंवा पॅरिस या शहरांना बहाल होतात. परकीयाला देशात येऊ द्यावे की नाही, आलेल्याने किती दिवस राहावे, आणि परवान्यावाचून राहणाऱ्याचे काय करावे, हे ठरविण्याचा अधिकार मात्र त्या त्या देशाच्या मध्यवर्ती सरकारचा असतो. महोत्सवाचे चालक सर्वांना मुक्त प्रवेशाचे वचन देतात. ते पाळणे सर्वस्वी त्यांच्या हाती नसते. या विसंगतीतून गेल्या सत्तर वर्षांत वारंवार संघर्ष उद्भवले. त्यांचा इतिहास क्रीडेच्या इतिहासात तळटीपेपुरता येतो आणि आप्रवासनाच्या इतिहासात बहुधा येतच नाही.

आप्रवासन-कारवाई या संज्ञेत येथे दोन गोष्टींचा समावेश केला आहे. पहिली, सीमेवरील कारवाई, म्हणजे व्हिसा नाकारणे किंवा प्रवेश रोखणे. दुसरी, सीमेच्या आतील कारवाई, म्हणजे कागदपत्रांची झडती, अटक आणि हद्दपारी. या कारवायांची झळ ज्यांना पोचते त्यांचेही तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग खेळाडूंचा व पथकांतील अधिकाऱ्यांचा, दुसरा प्रेक्षकांचा, आणि तिसरा यजमान नगरात आधीपासून राहणाऱ्या व राबणाऱ्या परकीयांचा. क्रीडांगण बांधणारा गवंडी, विमानतळावरील सफाई-कामगार, महोत्सव-ग्रामाशेजारच्या ओसाड कारखान्यात आसरा घेतलेला निर्वासित हे या तिसऱ्या वर्गात मोडतात.

या तीन वर्गांच्या बाजूने झालेल्या विरोधाचा क्रम पाहिला असता एक गोष्ट स्पष्ट दिसते. खेळाडूच्या प्रवेशासाठी झालेल्या विरोधाला यश आले, प्रेक्षकाच्या वाट्याला अर्धेमुर्धे यश आले, आणि रहिवाशाच्या वाट्याला ते क्वचितच आले. या तफावतीचे कारण विरोधकांच्या तळमळीत शोधून सापडत नाही. ज्याचे हित महोत्सवाच्या करारात नोंदलेले असते त्याच्या बाजूने उच्चारलेला निषेध परिणामकारक ठरतो. ज्याचे नाव करारात नाही त्याच्या बाजूचा निषेध नैतिकदृष्ट्या कितीही सबळ असला तरी बहुधा निषेधच राहतो. पुढील प्रकरणांवरून हे विधान तपासून पाहता येईल.

२. खेळाडूचा प्रवेश

सरकारी निर्बंधांपुढे क्रीडामहोत्सवाला नमते घ्यावे लागल्याचे एक जुने उदाहरण माणसांचे नसून घोड्यांचे आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी परदेशी घोडे आणण्यास ऑस्ट्रेलियाचे विलग्नवासाचे कायदे आड आले. सरकार ते शिथिल करीना. तेव्हा अश्वारोहणाच्या स्पर्धा जून १९५६ मध्ये स्टॉकहोम येथे घ्याव्या लागल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस, हंगेरीतील उठाव चिरडला गेल्यानंतर, मेलबर्नला आलेल्या हंगेरियन पथकातील अनेकांनी मायदेशी परतण्याचे नाकारले. त्यांना पाश्चात्त्य देशांत आश्रय मिळाला. गौरेतरांना वसाहतीसाठी येऊ न देण्याचे धोरण ऑस्ट्रेलियात तेव्हा चालू होते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवली पाहिजे. दार बंद असणे किंवा उघडणे हे केवळ नियमाने ठरत नाही, दाराशी कोण उभा आहे यावरही ठरते, याचा हा प्रारंभीचा दाखला होय.

१९६२ या एकाच वर्षात या प्रश्नाने दोन ठिकाणी पेट घेतला. मार्चमध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे बर्फावरील हॉकीची जागतिक स्पर्धा होती. बर्लिनची भिंत उभी राहिल्यानंतर पाश्चात्त्य राष्ट्रांनी पूर्व जर्मनांच्या प्रवासावर निर्बंध घातले होते आणि त्यानुसार पूर्व जर्मन संघाला व्हिसा नाकारण्यात आला. निषेध म्हणून सोव्हिएट रशिया व चेकोस्लोव्हाकिया यांनी स्पर्धेवर बहिष्कार टाकला. स्पर्धा मात्र यथासांग पार पडली.

दुसरे प्रकरण ऑगस्ट-सप्टेंबरमधील जाकार्ताच्या चौथ्या आशियाई सामन्यांचे. इंडोनेशियाच्या सरकारने इस्रायल व तैवान या दोन सभासद देशांच्या पथकांना प्रवेशाची ओळखपत्रे दिली नाहीत. तैवानकडे गेलेल्या पाकिटातून ओळखपत्रांऐवजी कोरे कागद निघाले. आशियाई क्रीडासंघाच्या नियमांचा हा उघड भंग होता. त्याला सर्वांत ठाम विरोध केला तो भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी. सोंधी हे लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजचे एके काळचे प्राचार्य, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सभासद आणि आशियाई सामन्यांच्या संस्थापकांपैकी एक. सभासदांना दाराबाहेर ठेवून भरविलेल्या सामन्यांना 'आशियाई सामने' म्हणता येणार नाही, असा त्यांचा आग्रह होता.

या भूमिकेची किंमत तत्काळ मोजावी लागली. ३ सप्टेंबर १९६२ रोजी जमावाने जाकार्तातील भारतीय वकिलातीवर हल्ला केला आणि सोंधींना शहर सोडून जावे लागले. औंध संस्थानच्या राजघराण्यातील अप्पासाहेब पंत हे त्या वेळी तेथे भारताचे राजदूत होते. दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबरला, भारताचा फुटबॉल संघ अंतिम सामन्यासाठी मैदानात उतरला. प्रेक्षकांच्या हुर्योत त्याने दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव करून सुवर्णपदक मिळविले. भारतीय क्रीडेच्या इतिहासात हा सामना विजय म्हणून स्मरला जातो; त्या हुर्योच्या मुळाशी प्रवेशबंदीचा वाद होता हे स्मरण मात्र पुसट झाले आहे.

फेब्रुवारी १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने इंडोनेशियाला निलंबित केले. सुकार्नो यांनी त्याला उत्तर म्हणून नोव्हेंबर १९६३ मध्ये जाकार्ता येथे 'नवोदित राष्ट्रांचे सामने' भरविले. या घटनेचे मूल्यमापन करताना एक आक्षेप दृष्टीआड करता येत नाही. कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे महासत्तेने दार बंद केले तेव्हा स्पर्धा चालू राहिली. जाकार्ता येथे नवस्वतंत्र राष्ट्राने तेच केले तेव्हा निलंबनाचा बडगा उगारला गेला. नियम एक असला तरी त्याचा दंड सर्वांच्या पाठीवर सारखा पडला नाही, ही इंडोनेशियाची तक्रार निराधार नव्हती. तथापि सोंधींचा मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही. दंड असमान असेल तर तो समान करावा, हे त्याचे उत्तर. नियम सोडून द्यावा, हे नव्हे.

प्रवेश नाकारणे हे प्रत्येक वेळी अन्यायाचेच साधन होते, असेही म्हणता येत नाही. १९६३ मध्ये ऑलिंपिक समितीचे अधिवेशन नैरोबीला भरावयाचे होते. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या प्रतिनिधींना केनियाने प्रवेश नाकारला आणि अधिवेशन बाडेन-बाडेनला हलवावे लागले. येथे दार बंद करणे हाच वर्णभेदाचा निषेध होता. म्हणून केवळ 'सर्वांना प्रवेश' एवढे सूत्र पुरेसे ठरत नाही. प्रवेश कोणाला व कोणत्या कारणाने नाकारला जातो, हे प्रत्येक वेळी पाहावेच लागते.

१९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकने वचनातील फट उघडी पाडली. सामने मागताना कॅनडाने १९६९ मध्ये मुक्त प्रवेशाची हमी दिली होती. पण ती देताना नेहमीच्या नियमांचा हवाला जोडलेला होता. १९७० मध्ये कॅनडाने चीनच्या साम्यवादी सरकारला मान्यता दिली आणि १९७६ मध्ये तैवानच्या पथकाला 'चिनी प्रजासत्ताक' या नावाने भाग घेण्यास मनाई केली. पथकाने माघार घेतली, सामने झाले. या अनुभवांनंतर खेळाडूंच्या प्रवेशाची व्यवस्था उत्तरोत्तर घट्ट होत गेली. ऑलिंपिकचे ओळखपत्र पारपत्रासह दाखविले असता यजमान देशात व्हिसावाचून प्रवेश मिळावा, ही अट सनदेत व यजमानाशी होणाऱ्या करारात समाविष्ट झाली.

या अटीचे बळ भारताला २०१९ मध्ये अनुभवास आले. पुलवामा येथील हल्ल्यानंतर फेब्रुवारीत दिल्ली येथील नेमबाजीच्या विश्वचषकासाठी पाकिस्तानी नेमबाजांना व्हिसा मिळाला नाही. ऑलिंपिक समितीने संबंधित प्रकारातील पात्रतेच्या जागा काढून घेतल्या आणि भारतात भावी सामने भरविण्याबाबतची बोलणी स्थगित केली. जूनमध्ये भारत सरकारने लेखी हमी दिल्यावर ती स्थगिती उठली. त्याच वर्षी मलेशियाने इस्रायली जलतरणपटूंना प्रवेश नाकारला. तेव्हा अपंगांची जागतिक जलतरण स्पर्धा कूचिंगहून काढून लंडनला देण्यात आली. सोंधींना १९६२ मध्ये जे एकाकी लढून साधता आले नाही ते २०१९ मध्ये नियमाच्या एका कलमाने साधले. नियम, दंड आणि पर्यायी स्थळ या तीन गोष्टी एकत्र आल्या की सरकारेही माघार घेतात, हा या प्रकरणाचा निष्कर्ष होय.

३. प्रेक्षकाचा प्रवेश

प्रेक्षकाच्या बाबतीत अशी सनद नाही. त्याला जे मिळते ते यजमान सरकारच्या मर्जीने आणि पुष्कळदा तिकीटविक्रीच्या हिशेबाने मिळते. २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी रशियाने तिकीटधारकांना विशेष ओळखपत्र देऊन व्हिसाची अट काढून टाकली. त्या सवलतीची मुदत पुढे वर्षाअखेरपर्यंत वाढविली. ओळखपत्र देताना अर्थातच प्रत्येक प्रेक्षकाची नोंदही सरकारदफ्तरी झाली. सवलत आणि पाळत या एकाच नाण्याच्या दोन बाजू ठरल्या.

याउलट २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकात पाकिस्तानचा संघ भारतात आला आणि अहमदाबादला लाखभर प्रेक्षकांपुढे खेळला. पण त्या संघाच्या देशबांधवांना प्रेक्षक म्हणून येण्याची वाट जवळजवळ बंदच राहिली. पाकिस्तानच्या क्रिकेट मंडळाने याविषयी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेकडे तक्रार नोंदविली. दिल्लीच्या प्रकरणात दंड झाला आणि अहमदाबादच्या प्रकरणात तक्रार दप्तरी लागली, यातील फरक खेळाडू आणि प्रेक्षक यांच्या दर्जातील फरक आहे.

अमेरिकेच्या जून २०२५ मधील अध्यक्षीय फर्मानात हा भेद थेट कायद्याच्या भाषेत उतरला. त्या फर्मानाने १२ देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली आणि आणखी ७ देशांवर अंशतः निर्बंध घातले. विश्वचषक, ऑलिंपिक व तत्सम मोठ्या स्पर्धांसाठी येणारे खेळाडू, प्रशिक्षक, साहाय्यक आणि त्यांचे निकटचे नातलग यांना सूट देण्यात आली; प्रेक्षकांना नाही. इराण व हैती हे पूर्ण बंदीच्या यादीतील देश २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरले. डिसेंबर २०२५ मध्ये यादी वाढविण्यात आली तेव्हा सेनेगल व आयव्हरी कोस्ट या पात्र देशांवरही अंशतः निर्बंध आले. २०१८ मध्ये यजमानपद मागताना सर्व देशांतील पात्र खेळाडू, अधिकारी व प्रेक्षक यांना भेदभावावाचून प्रवेश मिळेल, असा विश्वास त्याच अध्यक्षांनी पत्राद्वारे दिला होता. त्या आश्वासनातील 'पात्र' हा शब्द माँट्रियलच्या 'नेहमीच्या नियमां'चा वारस होय.

४. रहिवासी : सॉल्ट लेक सिटी, २००१

खेळाडू व प्रेक्षक हे पाहुणे असतात. पाहुण्याची व्यवस्था हा यजमानाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न असल्यामुळे त्याच्या तक्रारीला थोडेबहुत वजन येते. रहिवाशाचा प्रश्न याहून वेगळा आहे. महोत्सव जवळ आला की त्याच्या अस्तित्वाकडे सुरक्षेचा किंवा शोभेचा अडथळा म्हणून पाहिले जाऊ लागते.

सॉल्ट लेक सिटी येथील हिवाळी ऑलिंपिक ८ ते २४ फेब्रुवारी २००२ या काळात व्हावयाचे होते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेतील हा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव होता. सुरक्षेसाठी तीस कोटी डॉलरांहून अधिक खर्चाची योजना झाली आणि शहराच्या विमानतळावरील हजारो कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासण्यात आल्या. ११ डिसेंबर २००१ रोजी, हल्ल्याला बरोबर तीन महिने झाले त्या दिवशी, ६९ कर्मचाऱ्यांवर आरोप ठेवल्याचे जाहीर झाले. सामाजिक सुरक्षेचा खोटा क्रमांक देणे, नोकरीच्या अर्जात खोटी माहिती भरणे अशा स्वरूपाचे ते आरोप होते. नोकरी किंवा विमानतळावरील प्रवेशाचा परवाना गमावणाऱ्यांची एकूण संख्या दोनशेंहून अधिक भरली. यांतील बहुसंख्य लॅटिन अमेरिकेतून आलेले, सफाई, खाद्यपेय यांसारख्या कामांवरचे लोक होते. यांपैकी कोणाचाही दहशतवादाशी संबंध असल्याचा पुरावा नाही, असे कारवाई करणाऱ्या अधिकाऱ्यांनीच सांगितले.

या कारवाईच्या बाजूने मांडला गेलेला मुद्दा क्षुल्लक नव्हता. विमानाजवळ जाऊ शकणाऱ्या माणसाची खरी ओळख सरकारला ठाऊक असली पाहिजे, ही अपेक्षा त्या वातावरणात अगदी स्वाभाविक होती. परंतु हेतू आणि उपाय यांचे प्रमाण येथे जुळत नाही. संवेदनशील जागेचा परवाना काढून घेतला असता सुरक्षेचा हेतू साधला जात होता. फौजदारी खटला, तुरुंग आणि त्यामागून येणारी हद्दपारी हे उपाय आप्रवासन-कायद्याच्या अंमलबजावणीचे होते. त्यांना ऑलिंपिकच्या सुरक्षेचे नाव मिळाले. १९८६ च्या कायद्याने बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकालाही दोषी ठरविले होते. प्रत्यक्षात आरोपींच्या पिंजऱ्यात उभे राहिले ते कामगार.

शहराचे महापौर रॉकी अँडरसन यांनी कारवाईवर उघड टीका केली. लॅटिन समाजाच्या संघटना आणि धर्मसंस्थांतील लोक अटक झालेल्यांच्या कुटुंबांसाठी पुढे आले. यजमान नगराच्या प्रथम नागरिकाचा विरोध असूनही कारवाई थांबली नाही, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. यजमान-कराराखाली नगराची सही होती. अटकेच्या हुकुमाखाली संघराज्याची. अटक झालेल्यांच्या वतीने ऑलिंपिक समितीकडे दाद मागण्याचा मार्गच उपलब्ध नव्हता, कारण समितीच्या लेखी ते महोत्सवाचे कोणीच नव्हते. सॉल्ट लेक सिटीचा प्रयोग पुढे देशभरच्या विमानतळांवर राबविला गेला. सामने सतरा दिवसांत संपले. कारवाईची रीत मागे राहिली.

५. कामगार आणि निर्वासित : पॅरिस, २०२३-२४

पॅरिसचे प्रकरण या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे, कारण तेथे यश आणि अपयश ही दोन्ही एकाच नगरात, एकाच काळात पाहावयास मिळतात.

२०२४ च्या सामन्यांची बांधकामे सुरू होण्यापूर्वी, २०१८ मध्ये, संयोजक, बांधकाम-यंत्रणा आणि कामगार संघटना यांच्यात एक सामाजिक सनद झाली. फ्रान्सच्या मोठ्या कामगार महासंघाचे माजी प्रमुख बेर्नार तिबो यांना तिच्या देखरेख-समितीवर स्थान मिळाले. या सनदेने बेकायदा आप्रवाशांना काही कागदपत्रे दिली नाहीत. परंतु कामगार संघटनांना बांधकामांवर नजर ठेवण्याचा अधिकृत पाया दिला. २०२२ मध्ये ऑलिंपिकच्या बांधकामांवर परवान्याविना राबणारे, मुख्यतः आफ्रिकेतून आलेले, कामगार आढळले तेव्हा बोबिन्यीच्या सरकारी अभियोक्त्यांनी चौकशी सुरू केली. तिचा रोख कामगार नेमणाऱ्यांवर होता. काही कामगारांना पुढे वास्तव्याचे परवाने मिळाले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी परवानाहीन कामगारांनी पोर्त द ला शापेल येथील नव्या क्रीडागृहाचे बांधकाम व्यापून धरले आणि आपली कागदपत्रे नियमित करावीत अशी मागणी केली. त्याच दिवशी बोलणी होऊन आश्वासन मिळाल्यावर त्यांनी जागा सोडली.

सॉल्ट लेक सिटीशी तुलना केली असता फरक ठळकपणे उमटतो. दोन्हीकडे महोत्सवाच्या उंबऱ्यावर परवानाहीन कामगार सापडले. एकीकडे त्यांच्यावर खटले झाले. दुसरीकडे त्यांच्या मालकांची चौकशी झाली आणि कामगारांतील काहींना कागदपत्रे मिळाली. या फरकाची अनेक कारणे असतील. फ्रान्समधील कामगार-चळवळीची परंपरा आणि २००१ मधील अमेरिकेची भयग्रस्तता ही त्यांतील दोन. परंतु सनद आधी झाली होती, आणि तारीख जवळ आल्यावर बांधकाम अडणे कोणालाच परवडणारे नव्हते, ही कारणेही तितकीच निर्णायक होत.

सनदेच्या कक्षेबाहेर मात्र चित्र पालटते. ऑलिंपिक-ग्रामाच्या परिसरातील लिल-सें-दनी येथे एका बंद सिमेंट-कारखान्याच्या आवारात चारशेंहून अधिक आश्रयार्थी राहत होते. त्यांत चाड व सुदान येथील लोकांचा भरणा होता. एप्रिल २०२३ मध्ये ती जागा रिकामी करण्यात आली. एप्रिल २०२४ मध्ये व्हित्री-स्यूर-सेन येथील याहूनही प्रसिद्ध वस्ती उठविली गेली. उठविलेल्यांना बसगाड्यांत बसवून प्रांतोप्रांतीच्या तात्पुरत्या निवाऱ्यांकडे पाठविण्यात आले. आपल्या शहरात पॅरिसचे बेघर न कळविता आणले जातात, अशी तक्रार ऑर्लेआँच्या महापौरांनी मार्च २०२४ मध्ये केली. या स्थलांतराचा सामन्यांशी काही संबंध नाही, असे सरकारचे म्हणणे होते.

याविरुद्ध अनेक सेवाभावी संस्थांनी एकत्र येऊन 'पदकाची दुसरी बाजू' अशा अर्थाच्या नावाने एक मंच उभा केला. या मंचाने पॅरिस प्रदेशातून उठविलेल्यांची मोजदाद ठेवली आणि एप्रिल २०२३ ते मे २०२४ या काळात तो आकडा साडेबारा हजारांहून अधिक असल्याचे प्रसिद्ध केले. ही मोजदाद हेच त्या विरोधाचे मोठे कार्य होय. वस्त्या वाचल्या नाहीत. परंतु जे घडले ते नोंदले गेले, आणि पुढील यजमान नगरांतील कार्यकर्त्यांच्या हाती पुरावा आला. विरोधाच्या इतिहासात अशा नोंदीचे मोल कमी लेखता येणार नाही.

६. अमेरिका, २०२५-२६

फिफाने २०१७ मध्ये मानवी हक्कांविषयीचे आपले धोरण जाहीर केले आणि २०२६ च्या स्पर्धेसाठी यजमानपद मागणाऱ्यांवर तद्विषयक अटी घातल्या. यजमान नगरांनी आपापल्या हक्क-योजना आखाव्यात असे ठरले. कागदावर ही व्यवस्था पूर्वीच्या कोणत्याही महोत्सवाहून व्यापक होती. तिची कसोटी २०२५ च्या उन्हाळ्यात लागली.

६ जून २०२५ पासून लॉस एंजेलिस येथे आप्रवासन-खात्याच्या, म्हणजे 'आईस'च्या, धाडी सुरू झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी तेथे नॅशनल गार्डचे सैन्य धाडण्याचा हुकूम निघाला. १४ जूनला फिफाची क्लब विश्वचषक स्पर्धा सुरू व्हावयाची होती. तिच्या तोंडावर सीमासंरक्षण खात्याने आपले लोक सामन्यांच्या सुरक्षेसाठी सज्ज असल्याचा संदेश समाजमाध्यमावर टाकला. गहजब झाल्यावर तो काढून टाकला. संदेश पुसला गेला, त्याने निर्माण केलेली भीती पुसली गेली नाही. ज्या समाजाच्या उत्साहावर अमेरिकेतील फुटबॉल मोठ्या प्रमाणावर उभा आहे त्याच समाजाला मैदानाच्या दारात झडतीची धास्ती वाटू लागली. मानवी हक्क संघटनांनी फिफाच्या अध्यक्षांना पत्रे लिहून स्पर्धेच्या काळात मैदाने व परिसर धाडींपासून मुक्त ठेवण्याची हमी सरकारकडून घ्यावी अशी मागणी केली. लॉस एंजेलिसच्या महिला व्यावसायिक संघाने १४ जूनच्या सामन्यात 'आप्रवाशांच्या नगराचा संघ' अशा अर्थाचा मजकूर असलेले सदरे घातले आणि ते प्रेक्षकांत वाटले.

जानेवारी २०२६ मध्ये या प्रश्नाने अटलांटिक ओलांडला. मिलान-कोर्तिना येथील हिवाळी ऑलिंपिकला येणाऱ्या अमेरिकी पथकाच्या सुरक्षाव्यवस्थेत 'आईस'चे अधिकारीही असतील, असे वृत्त आले. मिनिआपोलिस येथील कारवाईत त्याच महिन्यात झालेल्या मृत्यूंमुळे या खात्याविषयी आधीच संताप होता. मिलानचे महापौर जुझेप्पे साला यांनी हे अधिकारी आपल्या नगरात नको असल्याचे स्पष्ट शब्दांत सांगितले आणि शहरात निदर्शने झाली. या अधिकाऱ्यांना रस्त्यावर कोणताही अधिकार नसेल, ते वकिलातीच्या कचेऱ्यांपुरते राहतील, असा खुलासा इटलीच्या गृहमंत्र्यांना करावा लागला.

सॉल्ट लेक सिटी आणि मिलान या दोन्ही नगरांच्या महापौरांनी विरोध केला. मिलानमध्ये निदान खुलासा तरी पदरात पडला. कारण तेथे प्रश्न परक्या देशाच्या अधिकाऱ्यांचा होता आणि इटलीचे सार्वभौमत्व महापौरांच्या बाजूला होते. सॉल्ट लेक सिटीत तेच सार्वभौमत्व महापौरांच्या विरुद्ध उभे होते. नगराचा आवाज राष्ट्राच्या आवाजाशी जुळतो तेव्हाच तो ऐकला जातो, हा या तुलनेचा फारसा उत्साहवर्धक नसलेला निष्कर्ष आहे.

७. समारोप

वरील प्रकरणांवरून विरोधाच्या यशापयशाची काही सूत्रे हाती येतात. निषेधाला नियमाचा आधार असावा लागतो. नियमाला दंडाची जोड असावी लागते. आणि दंड वेळेवर उगारता यावा लागतो, म्हणजे महोत्सव अन्यत्र नेणे शक्य असते त्या काळात. खेळाडूच्या बाबतीत ही तिन्ही अंगे हळूहळू विकसित झाली. प्रेक्षकाच्या बाबतीत पहिले अंग अर्धवट असून उरलेली दोन नाहीत. रहिवाशाच्या बाबतीत पॅरिसच्या सामाजिक सनदेसारखा एखादा अपवाद वगळता पहिलेही अंग नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. क्रीडासंस्थांनी राज्याच्या सार्वभौम अधिकारात ढवळाढवळ करू नये, हा पहिला. परंतु व्हिसा, करमाफी, जाहिरातींचे हक्क आणि वाहतूक या सर्व विषयांत या संस्था यजमान सरकारांकडून लेखी हम्या घेतच असतात. खेळाडूच्या व्हिसाविषयी जे मागता येते ते बांधकाम-कामगाराच्या अटकेविषयी मागताच येत नाही, असे म्हणण्यास तात्त्विक आधार दिसत नाही. अडचण इच्छेची आहे. दुसरा आक्षेप सुरक्षेचा. त्याचे उत्तर सॉल्ट लेक सिटीच्या उदाहरणात आहे. धोक्याशी संबंध नसलेल्या माणसांवर सुरक्षेच्या नावाने झालेली कारवाई सुरक्षा वाढवीत नाही. उलट ज्या समाजाचे सहकार्य पोलिसांना हवे असते तो समाज अशा वेळी दार लावून घेतो.

लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिक २०२८ च्या जुलैत योजिले आहे. ते नगर २०१७ मध्येच निवडले गेले. खेळाडूचा हक्क सिद्ध होण्यास जाकार्तापासून अर्धशतकाहून अधिक काळ लागला आणि त्यासाठी एका भारतीय प्राचार्याला जमावाच्या रोषाला तोंड द्यावे लागले. मैदान बांधणाऱ्याचा आणि मैदानाच्या सावलीत राहणाऱ्याचा हक्क त्याच मार्गाने, म्हणजे यजमानपद देण्याच्या क्षणी करारात लिहून घेऊनच, सिद्ध होऊ शकेल. दार उघडताना पाहुण्याला आत घ्यावयाचे आणि घरातल्याला बाहेर काढावयाचे, या रीतीला आतिथ्य म्हणता येणार नाही.